क्लॅरोनेट, सॅक्स, बासरी – सगळं शिकू की एकच धरू? एका जुन्या सेशनवाल्याचं (रेकॉर्डिंगला वाजवणाऱ्याचं) सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा तासगाव साइडचा, वय बावीस, दिवसा कुपवाड एमआयडीसीत कामाला, लग्नसराईत चुलत्यांच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो, बासरी घरीच बघून बघून थोडीफार शिकलाय. आता कुणीतरी जुनं ऑल्टो सॅक्स विकायला काढलंय तर ते घेऊ का असं विचारतोय. पुढे लिहितो की रेकॉर्डिंगच्या लाइनला जायचंय, मग जितकी जास्त वाद्यं तितकं जास्त काम असं असतं का, मुंबईला जावंच लागतं का आणि कॉम्प्युटरमुळे हे काम राहणार तरी आहे का.

मित्रा, तू मला सर म्हणून लिहिलंयस पण वयाने माझ्या मुलासारखा आहेस म्हणून तू म्हणूनच बोलतो. तुझे प्रश्न चार दिसतात पण मला त्यात एकच दिसतो, फुंकून वाजवायच्या वाद्यांवर आयुष्यभर घर चालतं का आणि चालवायचं तर हातात नक्की काय लागतं. चालतं. माझं चाललं, मुलांची शिक्षणं झाली, सांगलीत राहून झालं. पण हे तुझ्या बाबतीत कसं जाईल ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, घरात दुसरा कुणी कमावतोय का, डोक्यावर कर्ज किती, रात्रीअपरात्री प्रवास झेपतो का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुझा आवाज कसा आहे, तो मी ऐकलेला नाही. त्यामुळे नोकरी सोड असं मी आज सांगणार नाही, कुणी सांगितलं तरी लगेच ऐकू नको.

आता वाद्यं किती. माझा अनुभव असा की एक वाद्य असं पाहिजे की ज्याच्यासाठी तुलाच बोलावतील, आणि बाकीची अशी पाहिजेत की तू तिथे आधीच बसलेला आहेस म्हणून ती तुलाच वाजवायला सांगतील. ह्या दोन गोष्टींत खूप फरक आहे. अरेंजर, म्हणजे गाण्यात कुठलं वाद्य कुठे वाजेल ते ठरवणारा, फोन करतो तेव्हा त्याच्या कानात एक आवाज असतो, अमक्याचं क्लॅरोनेट पाहिजे, एवढंच. तीन वाद्यं बरी वाजवणारा माणूस पाहिजे असं म्हणून कुणी फोन करत नाही. पण एकदा तू स्टुडिओत पोचलास, क्लॅरोनेटचा पीस झाला आणि त्याला वाटलं की दुसऱ्या अंतऱ्याआधी बासरीच्या दोन ओळी टाकून बघूया, तर त्यावेळी बॅगेत बासरी असणं आणि ती सुरात वाजणं याचा उपयोग होतो, आणि पुढच्या वेळी तोच माणूस फोनवर म्हणतो, येताना बासऱ्या पण घेऊन या. माझ्याकडे दुसरं-तिसरं वाद्य असंच वाढत गेलं, आधी काम आलं मग वाद्य पक्कं झालं. उलटं करणारे पण मी बघितलेत, पाच वाद्यं घेऊन बसलेले, पाचही साधारण, आणि पाचांपैकी एकासाठीही फोन नाही.

तू बँडमधून आलायस म्हणून तुला कमीपणा वाटतोय असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं, तो काढून टाक. मनोहारी सिंग हे नाव तुला माहीत असलंच पाहिजे. १९३१ चा जन्म कलकत्त्याचा, नेपाळी घरातला माणूस, सुरुवात बाटा कंपनीच्या ब्रास बँडमध्ये. १९५८ साली संगीतकार सलील चौधरींनी त्यांना मुंबईला आणलं आणि मग हिंदी सिनेमात ऑल्टो सॅक्स म्हटलं की मनोहारीदा हे समीकरणच झालं. आता नीट बघ, ते क्लॅरोनेट वाजवायचे, किल्ल्यांची (कीजची) पाश्चात्त्य फ्लूट वाजवायचे, मेंडोलिनसुद्धा वाजवायचे, पुढे बासुदेव चक्रवर्तींच्या जोडीने आर. डी. बर्मन यांच्याकडे वर्षानुवर्षं अरेंजमेंट केली. एवढं सगळं येत होतं, पण लोकांच्या कानात बसला तो सॅक्सचा आवाज. अन् अरेंजिंग आल्यामुळे संगीताची चाल बदलली तरी त्यांचं स्टुडिओतलं स्थान हललं नाही. २०१० मध्ये गेले, म्हातारपणीही स्टेजवर उभे राहून वाजवत होते. तुझ्यासारखाच बँडमधला मुलगा होता तो.

बँडने तुला दिलेलं दोन-तीन गोष्टींत मोजता येईल. तास-तास उभं राहून, चालत, धुळीत फुंकायचा दम आहे, स्टुडिओतल्या मुलांकडे तो नसतो. चाल एकदा ऐकून लगेच उचलायची सवय आहे. जे नाही ते म्हणजे हळू वाजवणं. बँडमध्ये ढोल आणि युफोनियमच्या वर आवाज काढायचा असतो म्हणून ओठ घट्ट आणि फुंक जोरात होते, आणि माइकसमोर तो आवाज टोचतो. त्यामुळे आजपासून रोज अर्धा तास फक्त लांब सूर, अगदी हळू सुरू करून वाढवायचा आणि परत हळू करत शून्यावर आणायचा, सूर न हलता. कंटाळवाणं आहे पण रेकॉर्डिंगचा वादक तिथेच तयार होतो. दुसरं, तुझं क्लॅरोनेट कुठल्या सिस्टिमचं आहे ते बघ. आपल्याकडच्या बँडांत जुन्या साध्या सिस्टिमची बरीच असतात, मेरठकडून आलेली. गाण्याच्या अंगाने वाजवायला ती वाईट नाहीत, पण पुढे नोटेशनवरचं काम करायचं असेल तर बोहम सिस्टिमवर (भोकं आणि किल्ल्यांची आजची पद्धत) यावं लागेल आणि तिथे बोटं बदलतात, तर हा बदल बावीसाव्या वर्षी कर, चाळिशीत फार जड जातो.

एकातून दुसऱ्या वाद्यात जाताना काय होतं ते जरा नीट सांगतो कारण इथेच बहुतेकजण फसतात. क्लॅरोनेटवरून सॅक्सवर जाणं त्यातल्या त्यात सोपं आहे. क्लॅरोनेटला रजिस्टर की (वरच्या सुरांची किल्ली) दाबली की त्याच बोटांनी वरचा सा येत नाही, वरच्या सप्तकातला पंचम येतो, म्हणून खाली-वर बोटं वेगवेगळी लक्षात ठेवावी लागतात. सॅक्सला ऑक्टेव्ह की दाबली की तेच सूर सरळ वरच्या सप्तकात, त्यामुळे आठवड्याभरात माणसाला वाटतं सॅक्स आलं. पण वाटतं तेवढंच. तोंड क्लॅरोनेटचंच ठेवलं तर सॅक्सचा आवाज चिरका आणि चढा येतो, तिथे जबडा सैल लागतो, माउथपीस तोंडात जास्त सरळ जातो, घशाची जागा मोकळी लागते. म्हणून सॅक्स हे सॅक्स म्हणूनच शिकायचं, सॅक्सवाल्यांचं ऐकायचं, क्लॅरोनेटवाला सॅक्स वाजवतोय असं कुणाला ऐकू येता कामा नये. बासरी तर पूर्णच वेगळी, रीडच (वेताची पातळ पट्टी) नाही, सगळं ओठाच्या फटीवर. तासभर रीड धरल्यावर ओठ सुजल्यासारखे होतात आणि बासरीचा आवाज फाटतो, म्हणून घरी रियाजात बासरी आधी घ्यायची आणि क्लॅरोनेट नंतर. पण आठवड्यातून दोनदा मुद्दाम उलटं करायचं, दमलेल्या ओठाने लगेच बासरी उचलायची, कारण कामाच्या वेळी क्रम तुझ्या सोयीने येत नाही.

सांगली-साताऱ्याकडून येणाऱ्या मुलाला माझा सल्ला असा की दुसरं वाद्य बासरीच पक्कं कर. मराठीत भक्तिगीत, अभंग, भावगीत, मालिका, नाटकाचं पार्श्वसंगीत, सगळीकडे बासरी लागते, सॅक्स महिन्या-दोन महिन्यांतून लागतं. बासरी म्हणजे एक बासरी नव्हे, सगळ्या पट्ट्यांचा सेट पाहिजे, मैफलीतली मोठी साधारण पांढरी तीनची (पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी) धरतात पण गाणाऱ्याची पट्टी कुठलीही असू शकते. अन् घरी बघून बघून शिकलायस ते ठीक, पण आता कुणाकडे तरी समोर बसून शीक. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत दर्ग्याच्या उरसाला गाणं-बजावणं होतं, तिथे जाऊन बस, रात्रभर ऐक. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) कशी घेतात, सूर कुठे सोडतात हे क्लॅरोनेटच्या पुस्तकात मिळणार नाही. सॅक्ससारख्या किल्ल्यांच्या वाद्यावर आपलं गाणं वाजूच शकत नाही म्हणणाऱ्यांना कद्री गोपालनाथ यांचं ऐकव, त्यांनी पॅडमध्ये (किल्ल्यांखालच्या छोट्या गाद्यांमध्ये) बदल करून घेतले आणि कर्नाटक संगीत त्यावर वाजवून दाखवलं.

पट्टीचा हिशोब डोक्यात पक्का पाहिजे. तुझं बँडातलं क्लॅरोनेट बहुतेक बी फ्लॅटचं असणार, म्हणजे तू सी ची बोटं लावलीस की ऐकू येते काळी पाच. ऑल्टो सॅक्स ई फ्लॅटचं, तिथे तीच बोटं म्हणजे काळी दोन. गायिका काळी चारला गातेय तर क्लॅरोनेटवर तुझी बोटं काळी पाचची आणि ऑल्टोवर पांढरी चारची. हे विचार करून काढायचं नाही, तोंडपाठ पाहिजे, कारण आपल्याकडे अजूनही बरेचदा पीस सरगममध्ये सांगतात, तू वहीत लिहून घेतोस आणि दहा मिनिटांत टेक (प्रत्यक्ष रेकॉर्डिंग) असतो. बाहेरचं काम असेल तर स्टाफ नोटेशनचा (पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीचा) कागद समोर येतो. दोन्ही वाचता आलं पाहिजे. माझ्याहून गोड वाजवणारे लोक मी मागे राहिलेले बघितलेत, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटतं, कारण गोष्ट एवढीच होती की कागद वाचता येत नव्हता.

सुरात राहणं हा अजून एक विषय, यावर कुणी बोलत नाही. हवा तापली की फुंकायचं वाद्य चढतं, साधारण एका डिग्रीला तीन सेंट धर (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग), म्हणजे दहा डिग्रीच्या फरकात पंचवीस-तीस सेंट, कानाला सरळ कळणारा फरक. मे महिन्यात विट्याच्या जत्रेत उघड्यावर वाजवलेलं वाद्य आणि एसी स्टुडिओत वाजवलेलं तेच वाद्य वेगळं बोलतं. थंड खोलीत वाजवायच्या आधी सूर न काढता नुसती गरम हवा आत सोडत राहायची, आणि जे वाद्य बराच वेळ स्टँडवर नुसतं पडलंय ते टेकच्या आधी परत गरम करून घ्यायचं. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या हवेने पॅड फुगतात, उन्हाळ्यात रीड वाकडी होते. एकच रीड मरेपर्यंत वाजवायची बँडातली सवय सोड, चार-पाच रीड आलटून पालटून वापर, त्या जास्त टिकतात आणि ऐनवेळी एक गेली तरी हातात दुसरी सवयीची असते. २०१९ च्या महापुरानंतर मी वाद्यांच्या पेट्या खाली ठेवणंच बंद केलं, तुझं घर नदीपासून लांब असेल तरी वाद्य माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या खणात बरं.

मुंबईला जावं लागतं का? पूर्वी जावंच लागायचं. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी उतरून सरळ स्टुडिओ, संध्याकाळी परत गाडी, अशी माझी कितीतरी वर्षं गेली. आता तसं नाही. पुण्यात भरपूर काम होतं, सांगली-कोल्हापुरात बऱ्यापैकी स्टुडिओ आहेत, आणि घरून ट्रॅक पाठवणं तर रोजचंच झालंय. तरी सुरुवातीची दोन-तीन वर्षं पुण्या-मुंबईत जाऊन लोकांसमोर बसून वाजव असं मी म्हणेन, कारण फोन नंबर ओळखीतून जातात, आणि लोकांना हे पण बघायचं असतं की हा वेळेवर येतो का, तिसऱ्यांदा बदल सांगितला तर तोंड वाकडं करतो का. त्याबरोबर आकाशवाणीची ऑडिशन दे, सांगली केंद्र जवळच आहे. बी ग्रेड मिळाली तरी ती कागदावरची ओळख असते, नाटकवाले, शाळा, कार्यक्रमवाले सगळे विचारतात.

घरून ट्रॅक पाठवायचा तर एक गोष्ट लक्षात ठेव. नवी मुलं क्लॅरोनेटच्या खालच्या तोंडात माइक घालतात. या वाद्यांचा आवाज सगळ्या भोकांतून येतो, फक्त बेलमधून नाही, त्यामुळे माइक दीड-दोन फुटांवर वाद्याच्या मधल्या भागाकडे तोंड करून ठेव. बासरीला तोंडाजवळच पण जरा बाजूला, फुंक थेट माइकवर येता कामा नये. खोलीत गाद्या-रजया लाव. फाइल गाण्याच्या सुरुवातीपासूनच दे, मधूनच कापलेला तुकडा पाठवला तर समोरच्याला ती कुठे बसवायची ते शोधत बसावं लागतं. रिव्हर्ब (घुमारा) काही न लावता कोरी वेव्ह फाइल, एक त्यांनी सांगितलं तशी आणि एक तुझ्या मनाने घेतलेली. त्या मनाने घेतलेल्या टेकमुळेच पुढची कामं येतात हा माझा अनुभव आहे.

कॉम्प्युटरचं म्हणशील तर खोटा धीर देणार नाही. मागे भरायचा सेक्शन, चार सॅक्स मिळून धरलेले लांब सूर, कोपऱ्यातली फ्लूटची ओळ, हे काम कीबोर्डवाल्याने केव्हाच घेतलंय आणि ते परत येणार नाही. उरलंय ते गाण्याच्या पुढे येणारं काम, जिथे मुरकी आहे, सूर खालून घेऊन वर जातो, मधेच श्वास ऐकू येतो, कवितेच्या शब्दाप्रमाणे फुंक बदलते. कीबोर्डवर ते वाजवतात पण गाणाऱ्या माणसाच्या शेजारी ठेवलं की लगेच कळतं, आणि चांगल्या संगीतकाराला तर नक्कीच कळतं. म्हणून मी पुन्हा पुन्हा आवाजावर येतोय. साधारण वाजवणाऱ्याची जागा गेली, स्वतःचा आवाज असणाऱ्याची आहे.

शरीराबद्दल दोन ओळी, आत्ता हसशील पण वाच. क्लॅरोनेट आणि सॅक्सला वरचे दात माउथपीसवर टेकतात, दात हलले की आवाज हलतो, वर्षातून एकदा दाताच्या डॉक्टरकडे जा आणि त्याला सांग की तू वादक आहेस, दाताचं काही काम करायच्या आधी त्याने तुझं वाद्य धरणं बघितलं पाहिजे. माउथपीसवर रबराची पट्टी मिळते ती लाव. तंबाखू-मावा आपल्या भागात किती आहे ते तुला माहिती आहे, फुंकणाऱ्या माणसाने तिकडे बघू पण नये. आणि कान. बेंजो आणि डीजेच्या गाडीपुढे उभं राहून वाजवताना कानात प्लग घाल, गेलेला कान परत येत नाही आणि आपलं सगळं पोट कानावर आहे.

पैशाचं मोकळेपणाने बोल, लाजू नको. वाजवायच्या आधी आकडा ठरवायचा, मेसेजवर लिहून घ्यायचा. दुसरं वाद्य वाजवलं तर त्याचे वरचे पैसे मागायचे, अमेरिकेत वादकांच्या युनियनच्या करारातच हे लिहिलेलं असतं, आपल्याकडे तोंडाने मागावं लागतं पण मागितलं की बहुतेक जण देतात. माझे एका निर्मात्याकडे पैसे अडकले ते अडकलेच, तेव्हापासून नव्या माणसाकडून अर्धे आधी घेतो. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेव, तारीख, गाणं, वाद्य, कुणासाठी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात वादकालाही परफॉर्मर म्हणून रॉयल्टीचा हक्क आहे, तो मागायचा तर आपण वाजवलंय हे दाखवता आलं पाहिजे. आणि शिकवणी सुरू कर, दोन मुलं असली तरी चालतील, पाऊस आणि पितृपंधरवड्यात जेव्हा कार्यक्रम नसतात तेव्हा घर त्यावर चालतं.

म्हणजे आतापर्यंतचं धरून, क्लॅरोनेट मुख्य, बोहमवर आणि हळू आवाजात. बासरी दुसरी, गुरूकडे. वाचन दोन्ही प्रकारचं. नोकरी सध्या चालू, पण शिफ्ट अशी मागून घे की रोज सकाळचे दोन तास मिळतील.

आता राहिलं सॅक्स. वर्षभराने घेतलं तरी चालेल असं माझं मत, पण चांगलं असेल आणि स्वस्तात मिळत असेल तर सोडू पण नको. बघायला जाताना टॉर्च आणि मोबाइलवर ट्यूनर घेऊन जा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आत सोडून सगळ्या किल्ल्या बंद कर, पॅडच्या कडेने उजेड दिसला तर तिथून हवा जाते. मानेचा तुकडा (माउथपीस बसतो ती वरची नळी) बाजूने बघ, वाकून सरळ केलेला असेल तर तिथे सुरकुती दिसते. सगळ्यात खालचे सी, बी आणि बी फ्लॅट अगदी हळू वाजवून बघ, जोरात फुंकल्यावर खराब सॅक्सही बोलतं, हळू बोललं तर ते ठीक आहे. मग खालचा आणि वरचा तोच सूर ट्यूनरवर मिळतो का ते बघ. सगळे पॅड बदलायचे झाले तर खर्च बराच येतो आणि मिरजेत आपले कारागीर सतार-तंबोऱ्याचे आहेत, त्यांच्याकडे हे काम होत नाही, पुण्या-मुंबईलाच न्यावं लागेल, तेव्हा तो खर्च विचारून घेऊन किमतीतून वजा करून माग. विकणाऱ्याने दोन दिवस घरी नेऊन वाजवायला दिलं तर फारच उत्तम. नाहीतर पुढच्या आठवड्यात मी सांगलीतच आहे, त्याला विचारून वेळ ठरव, मी येतो तुझ्याबरोबर बघायला, क्लॅरोनेट पण घेऊन ये, तुझा आवाज एकदा ऐकायचाय.